लोटलीकर असे म्हणाले नव्हते

लोटलीकरांना काहीही विचारले की ते आधी दोन्ही तळवे वर करत आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणत, "खबर ना." गोव्याकडच्या बोलीत याचा अर्थ 'ठाऊक नाही'. हे कबूल करताना माणसाचा चेहरा साधारणपणे पडतो. लोटलीकरांचा उजळत असे. पेणची एसटी गेली का, असे कोणी विचारले तर ते म्हणत, "खबर ना. गेली असं मास्तर म्हणतात. पण मास्तरांची चुकली आहे, त्यांना ती गेली असंच वाटणार. पानवाला म्हणतो, यायची आहे. पण गिऱ्हाईक थांबावं असं त्याला वाटणारच. आता तुम्ही ठरवा." हे ऐकून होईपर्यंत गाडी खरोखरच निघून गेलेली असे.

आमच्या पनवेलात तेव्हा 'ठाऊक नाही' म्हणायची पद्धत नव्हती. रस्ता विचारणाऱ्याला आम्ही रस्ता सांगत असू, तो ठाऊक असो वा नसो. त्यामुळे लोटलीकरांचे हे बोलणे लोकांना प्रथम विनय वाटले, मग विनोद वाटला आणि शेवटी उर्मटपणा वाटू लागला.

आज ज्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे, त्यांना ते भलत्याच गोष्टीसाठी ठाऊक आहे. 'मतार' या पोर्तुगीज क्रियापदाचे मूळ संस्कृतात आहे हे सिद्ध करणारे विद्वान, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांनी ते सिद्ध केले नाही. ते तसे म्हणालेही नाहीत. ते वाक्य माझ्या अक्षरातले आहे, म्हणून मी खात्रीने सांगतो. मी नव्वदीला टेकलो आहे. ज्या सभेत हे घडले, तिच्यातला दुसरा कोणी आता उरलेला नाही.

लोटलीकर मडगावच्या कोर्टात दुभाष्या होते. साक्षीदार कोकणीत बोले, ते न्यायाधीशाला पोर्तुगीजमध्ये सांगत. कुठल्याशा सरकारविरोधी सभेला हजर राहिल्याचा ठपका आला, नोकरी सोडावी लागली, आणि ते पनवेलला मेहुण्यांच्या भाताच्या गिरणीवर आले. पुढे मेहुणे वारले, गिरणी विकली गेली, आणि आमच्या वाचनालयाने त्यांना ग्रंथपाल म्हणून ठेवून घेतले. पगार नावापुरता, पण वर एक खोली राहायला. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि जाडजूड शब्दकोश. कोर्टात वर्षानुवर्षे खुनाचे खटले ऐकून हा गृहस्थ मागे काय घेऊन आला, तर एक क्रियापद.

'मतार' म्हणजे ठार मारणे. पोर्तुगीजमध्ये मतार, स्पॅनिशमध्ये मतार, आणि बार्सिलोनाच्या बाजूला बोलतात त्या कातालान भाषेतही मतार. तिन्ही भाषा लॅटिनच्या मुली. पण लॅटिनमध्ये मारण्याला शब्द वेगळाच. मग या तिघी बहिणींनी हा आणला कुठून? लोटलीकरांना या प्रश्नाने पछाडले होते. मुंबईत एक कातालान पाद्री होते. लोटलीकर वर्षातून एकदा सोलांची, म्हणजे आमसुलांची, पुरचुंडी घेऊन त्यांच्याकडे जात आणि दिवसभर या एका शब्दावर बोलून संध्याकाळच्या गाडीने परत येत.

"मग काही लागला का पत्ता?" मी विचारायचो.

"ना रे बाब," ते आनंदाने म्हणत. "उलट आणखी एक शंका मिळाली."

दुपारची जेवणे झाली की ते बाजारातल्या इब्राहीमशेठ मुकादमांच्या लाकडाच्या वखारीत बुद्धिबळ खेळायला जात. इब्राहीमशेठ गावातले जुने कोकणी मुसलमान, शरीराने आडवे आणि खेळात उतावळे. ते वजीर पटावर आपटून ओरडत, "मात! घ्या लोटलीकरमियाँ, हाच तुमचा मतार. अरबांनी स्पेनवर राज्य केलं, जाताना हा लफ्ज ठेवून गेले. आमच्या घरचा माल आहे. तुम्ही कसले कागद मागता?"

"शेठ, माल तुमच्या घरचा असेल. पण तो तिथे पोचल्याची पावती कुठे आहे?"

"अजी, मेलेला राजा पावती देतो का?"

यावर लोटलीकर पोट धरून हसत आणि पुढच्या डावात हरत.

आता वाचनालयाच्या फलकाची हकीकत सांगायला हवी. दारावर रस्त्याकडे तोंड करून एक मोठा काळा फळा होता. व्याख्यानमालेतल्या प्रत्येक भाषणाचे सार त्यावर खडूने लिहायचे आणि पुढच्या भाषणापर्यंत ठेवायचे, असा रिवाज. लिहायचे काम माझे. मी नगरपालिकेत कारकून, वय पंचविशीचे, अक्षर वळणदार. तेवढ्यावर वाचनालयाचा सहचिटणीस झालो होतो. भाषण संपल्यावर लिहायला घेतले तर उशीर होई आणि लोकांना तर बाहेर पडताना सार वाचायची सवय. म्हणून अध्यक्षांनी सोय काढली होती: सार दुपारीच लिहून टाकायचे. वक्ता काय बोलणार हे विषयावरून कळतेच.

यात कधी अडचण आली नव्हती. एकदा तर 'संयमाचे महत्त्व' या विषयाचे वक्ते कर्जतहून आलेच नाहीत. सभा तशीच उठली. पण फळ्यावरचे सार लोकांनी वाचले आणि दुसऱ्या दिवशी दोघातिघांनी मला भाषण फार सुरेख झाल्याचे सांगितले.

अध्यक्ष होते वकील अप्पासाहेब वैशंपायन. मोठा आवाज, रुंद कपाळ, आणि कोणताही शब्द परका असू शकत नाही यावर श्रद्धा. टेबल, रेल्वे, बिस्किट, सगळ्यांना ते संस्कृतात माघारी घेऊन आले होते. अशिलाला जामीन मिळवून देण्यापेक्षा शब्दाला मायदेशी आणण्यात त्यांना जास्त यश येई, कारण तिथे समोर सरकारी वकील नसे.

त्या सुमारास गोव्याच्या सत्याग्रहाने वातावरण तापले होते. गोव्याकडे जाणाऱ्या तुकड्या आमच्याच रस्त्याने जात. आम्ही त्यांना हार घालायचो, चहा पाजायचो आणि त्या गेल्यावर आपणही काहीतरी करायला पाहिजे असे म्हणून घरी जायचो. अप्पासाहेबांना ते काहीतरी सापडले. लोटलीकरांच्या क्रियापदाविषयी त्यांनी माझ्याकडूनच ऐकले आणि टेबलावर थाप मारली.

"चिटणीस, अहो हे तर स्पष्ट आहे! मृत. मृतचं झालं मत, मतचं झालं मतार. ज्यांना माणूस मारायचं क्रियापदसुद्धा आपल्याकडून उसनं न्यावं लागलं, ते काय राज्य करणार? ठेवा लोटलीकरांचं व्याख्यान. सार मी सांगतो, लिहून घ्या."

मी लिहून घेतले. व्याख्यानाच्या दिवशी दुपारी ते फळ्यावर उतरवले: 'पोर्तुगीजांचे मतार हे क्रियापद संस्कृतोद्भव आहे, असे श्री. लोटलीकर यांनी साधार सिद्ध केले.' 'साधार' या शब्दाखाली मी स्वतःच्या बुद्धीने एक वेलबुट्टी काढली.

आधीचे सगळे वक्ते स्टँडवरून थेट टांग्याने येत आणि मागच्या दाराने व्यासपीठावर जात. लोटलीकर मात्र वरच राहायचे. जिना उतरून खाली आले ते फळ्यासमोरच. चष्मा पुसून त्यांनी पूर्ण वाचले.

"बाब, हे कोण म्हणतो?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"कधी?"

"आज संध्याकाळी."

त्यांनी तळवे वर केले. "खबर ना. मग सहाला येऊन ऐकतो," म्हणाले.

सभेला गर्दी लोटली होती. लोटलीकर कोट घालून उभे राहिले आणि सुरुवातीलाच म्हणाले की, या शब्दावर तीन दावे आहेत आणि तिन्ही लंगडे आहेत. पहिला दावा 'माक्तारे' या लॅटिन क्रियापदाचा. देवापुढे बळी देणे, असा त्याचा अर्थ. "अर्थ झकास जुळतो. पण लॅटिनमधली रात्र 'नोक्ते', ती पोर्तुगालात 'नोइत' झाली, स्पेनात 'नोचे'. दुधाचं तसंच, आठाच्या आकड्याचं तसंच. एकट्या 'माक्तारे'लाच कोणी सवलत दिली? त्याचं स्पेनात 'मेचार'सारखं काही व्हायला हवं होतं. झालं नाही." दुसरा दावा 'मत्तुस' या शब्दाचा, म्हणजे गुंग झालेला, बधिर. आधी डोक्यात घालून बधिर करायचे, मग मारायचे. "पण मधली पायरी कुठे लिहिलेली सापडत नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकला की माणूस पडतो." तिसरा अरबांचा. पहिल्या रांगेत इब्राहीमशेठ सावरून बसले. "अरबीत 'माता' म्हणजे मेला. बुद्धिबळातली मातही त्यातलीच म्हणतात. पण स्पेनच्या लोकांनी अरबांकडून वस्तूंची नावं ढिगाने घेतली, क्रियापदं जवळजवळ नाहीतच. हेच एक कसं घेतलं?" इब्राहीमशेठ परत सैल बसले.

"आणि संस्कृत?" अध्यक्षांच्या खुर्चीतून आवाज आला.

"संस्कृत लॅटिनची बहीण. आपला मृत्यू आणि त्यांचा 'मोर्स' एका घरचे, याला पुरावा आहे. मतार त्या घरातला असल्याचा पुरावा मला मिळाला नाही."

"म्हणजे निष्कर्ष काय?"

लोटलीकरांचा चेहरा उजळला. "खबर ना," ते म्हणाले आणि खाली बसले.

लोक अर्धा मैल चालत आले होते आणि त्यांना काही न देता परत पाठवले जात होते. पण अप्पासाहेब उठले आणि त्यांनी लोटलीकरांचे आभार मानले. मतारचे संस्कृत मूळ इतक्या साधार रीतीने सिद्ध केल्याबद्दल. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर पडताना लोकांनी फळा वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर माझ्या वाक्याखाली बारीक, कोर्टातल्या अक्षरात एक ओळ होती: 'मी असे म्हणालो नाही. लोटलीकर.' अप्पासाहेबांनी ती मला पुसायला लावली. तिसऱ्या दिवशी ती परत आली. मी परत पुसली. मग रोजचाच क्रम झाला. सकाळी लोटलीकर लिहीत, कचेरीत जाता जाता मी पुसत असे, आणि दोघेही एकमेकांना नमस्कार करत असू.

अप्पासाहेबांनी त्यांना बोलावून घेतले. मी तिथेच होतो.

"लोटलीकर, एक ओळ आहे. ती राहिली तर तुमचं काय जातं?"

"माझं नाव आहे त्यात, अप्पासाहेब."

"अहो, देशाचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच विचारतो. समजा, शब्द आपला निघाला. मग आपण जगाला दिलं काय? भाकर नाही, झोप नाही, नमस्कार नाही. हा एकच दिला? हे फळ्यावर लिहायचं?"

अप्पासाहेब रागावले. "तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?" ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या कचेरीतून बाहेर पडले आणि बाजारात पोचेपर्यंत मोठे झाले. ज्याला पोर्तुगीजांचा शब्द आपला म्हणवत नाही, त्याला पोर्तुगाल आपला वाटत असणार. त्याला परदेशी भाषेत पत्रे येतात. तो पाद्र्याकडे पुरचुंडी घेऊन जातो. पुरचुंडीत काय असते? लोक त्यांच्या हातून पुस्तक घ्यायचे बंद झाले. टेबलावर ठेवायला सांगत आणि मग उचलत. पोरे मागून ओरडत, "मटार काय शेर?" एक हवालदार चौकशीला आला.

"तुम्ही पोर्तुगालचे हेर आहात का?" त्याने सरळच विचारले.

लोटलीकर म्हणाले, "हे मात्र खबर आहे. ना."

हवालदाराचे समाधान झाले. गावाचे झाले नाही. एकटे इब्राहीमशेठ बदलले, पण उलट्या बाजूने. आजवर वखारीच्या आत मांडत तो पट त्यांनी बाहेर रस्त्यावरच्या फळीवर मांडायला सुरुवात केली. "आत उकडतं," ते म्हणाले. थंडीचे दिवस होते.

शेवटी अप्पासाहेबांनी फलक तेलाच्या रंगात रंगवून घ्यायचे ठरवले, म्हणजे खडूची कटकटच नको. गव्हाणहून गोमा पेंटर आला. हा मचव्यांच्या नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आणि बैलगाड्यांच्या फळ्यांवर नावे रंगवायचा. त्याला वाचता येत नव्हते. दाखवलेले अक्षर तो वेलीसारखे हुबेहूब उतरवी. मी नमुना दिला. तो रंगवत असताना लोटलीकर शेजारी उभे राहून बघत होते.

"काका, काय लिवलंय हितं?" गोमाने विचारले.

"मी एक गोष्ट म्हणालो, असं लिहिलंय."

"मंग तुमी म्हनलाव का?"

"नाही."

गोमाने कुंचला थांबवला. माझ्याकडे बघितले, मग त्यांच्याकडे. "मंग आता कसा करायचा? तेलाचा रंग हाय. जायाचा नाय कदी."

"रंगव तू," लोटलीकर म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे. त्याचा काय दोष?"

तेलाच्या रंगावर खडू उमटेना. दोन दिवस फळा माझ्या वाक्यासकट चकचकीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो, गोवा रस्त्यावरच्या ट्रकांनी उडवलेली धूळ त्यावर बसली होती आणि त्या धुळीत बोटाने लिहिले होते: 'मी असे म्हणालो नाही.' मी रुमालाने पुसले. पण धूळ काही वाचनालयाच्या ताब्यात नव्हती. ती रोज नव्याने बसे.

मग अप्पासाहेबांनी हुकमी उपाय योजला: सत्कार. आमच्या गावात ज्याचे तोंड बंद करायचे त्याचा सत्कार करत असत. शाल पांघरलेला माणूस सहसा वाद घालत नाही. लोटलीकरांना निरोप गेला. मानपत्र स्वीकारा, गावातली कुजबूज आम्ही थांबवतो आणि वरची खोली तहहयात तुमची. नाही तर संस्थेला खोलीची गरज आहे. लोटलीकर तेव्हा साठीच्या पुढचे होते. गोव्यात परत जाण्याची सोय नव्हती आणि पनवेलात त्या खोलीशिवाय छप्पर नव्हते.

समारंभाला ते आले. तोच कोट. मानपत्र मी वाचले, माझा आवाज चांगला होता. 'साधार सिद्ध केले' हे शब्द आले तेव्हा लोटलीकर मध्येच, पण अगदी हळू म्हणाले, "ते सोडून वाचा, बाब." सभेत चुळबूळ झाली. अप्पासाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "चिटणीस, त्या दिवशी तुम्ही पहिल्या रांगेत होता. लोटलीकर असं म्हणाले की नाही?"

नगरपालिकेत माझी कायम होण्याची वेळ आली होती आणि अप्पासाहेब तिथेही होते. पण खरे सांगायचे तर तो विचार मला त्या क्षणी आलासुद्धा नाही. त्या सभागृहात 'नाही' हा शब्द उच्चारायची सवयच नव्हती. मी म्हणालो, "साधारण तशाच आशयाचं म्हणाले."

लोटलीकरांनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता. कोर्टात साक्षीदार बोलताना दुभाष्या पाहतो तसे पाहिले, पुढचा शब्द कोणता येतो याची वाट बघत. मी मानपत्र त्यांच्या हातात दिले.

त्यांनी खांद्यावरची शाल काढून नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर मानपत्र ठेवले. नारळ मात्र हातात घेतला. "हा घेतो," ते म्हणाले. "हा नारळच आहे, याची खात्री करून घेतली आहे. देव बरें करूं." गोव्याकडे आभार मानतात तसे म्हणून ते पायऱ्या उतरून गेले.

इब्राहीमशेठच्या पुतण्याची उरणला वखार होती. तिथे लाकडांची मापे लिहायचे काम आणि मागे एक खोली, अशी व्यवस्था झाली. मी स्टँडवर गेलो. त्यांच्याबरोबर शब्दकोशांची एक ट्रंक आणि तो नारळ होता. मला क्षमा मागायची होती, पण तोंडातून निघाला तो भलताच प्रश्न.

"लोटलीकर, खाजगीत सांगा. तुम्हाला स्वतःला कुठला दावा खरा वाटतो?"

"वाटणं?" ते हसले. "बाब, मला तो बुद्धिबळाचा फार आवडतो. किती वर्षं झाली, मनात तेच आहे. इराणात कुठे पटावर राजा अडकला, अरबांनी तो शब्द उचलला, समुद्राकाठाने स्पेनला नेला, आणि तिथल्या शेतकऱ्याने घरची कोंबडी मारताना तो वापरला. केवढी सुंदर गोष्ट! एक दुवा मिळाला तर मी इब्राहीमशेठना खांद्यावर घेऊन नाचेन."

"मग त्या दिवशी तेच का नाही सांगितलंत? शेठ खूश झाले असते. निदान एक तरी माणूस."

"मला आवडतं म्हणून ते खरं कसं होईल?" ते म्हणाले. "हेच तर तुमचे अप्पासाहेब करतात."

उरणची गाडी लागली. ट्रंक वर चढवताना मी म्हणालो, "त्या दिवशी मी..." त्यांनी तळवे वर केले. मी काय म्हणणार होतो हे त्यांना ठाऊक होते. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ते 'खबर ना' म्हणाले नाहीत. गाडी गेली.

काही वर्षांनी गोवा मुक्त झाला. पनवेलात पेढे वाटले गेले आणि अप्पासाहेबांनी फलकाला हार घातला. आमच्या व्याख्यानमालेने विजयाला लावलेला हातभार, असे काहीसे ते बोलले. लोटलीकर उरणहून परस्पर मडगावला गेले. तिथेच वारले. मला हे इब्राहीमशेठनी सांगितले, पट आवरता आवरता. "त्याला दुवा मिळाला असता तर मला कळवलं असतं," एवढेच म्हणाले.

मी कायम झालो, बढती घेतली, निवृत्त झालो. अप्पासाहेब गेले. फलक मात्र टिकला. गोमाचा रंग खरोखरच गेला नाही. मास्तर लोक मुलांना तो दाखवत, कोणी स्मरणिकेत छापी, आणि लोटलीकर वर्षागणिक मोठे विद्वान होत गेले. ज्या माणसाच्या हातून आम्ही पुस्तक घेत नव्हतो, त्याचा आता आम्हाला अभिमान वाटत होता.

गेल्या महिन्यात वाचनालयाचा उत्सव झाला. मी नवीन पनवेलला मुलाकडे असतो. तिथे कार्यकर्त्याचा फोन आला. "काका, लोटलीकरांच्या आठवणी तुम्हीच सांगायच्या. फक्त भाषणाचं सार आधी पाठवा. बॅनर छापायचाय."

मी पाठवले. 'लोटलीकर असे म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, ठाऊक नाही.' दोन वेळा फोन करून खात्रीही केली.

बॅनर मोठा होता. माझा फोटो, फोटोशॉपने काळे केलेले केस, आणि खाली: 'मतार शब्दाचे संस्कृत मूळ सिद्ध करणाऱ्या कै. लोटलीकरांना मानवंदना.' माझ्या मुलाने सांगितले, कार्यकर्त्यांना वाटले, म्हाताऱ्याने चुकून उलटे लिहिले असेल. मी उभा राहिलो आणि जे इथे लिहिले ते सगळे सांगितले. सत्काराच्या दिवशी मी काय म्हणालो होतो, तेही. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग आभार मानणाऱ्या तरुणाने माझे आभार मानले. इतक्या थोर संशोधकाच्या आठवणी जागवल्याबद्दल.

सभागृह रिकामे झाल्यावर मी मागच्या बाजूला गेलो. जुना फलक जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर बोटभर धूळ होती. बाजूने कळंबोलीचे ट्रक अजून जातातच. मी काठी भिंतीला लावली आणि गोमाच्या अक्षरांखाली बोटाने लिहायला लागलो. अक्षराला पूर्वीचे वळण राहिले नाही.

खुर्च्या उचलायला आलेला बेलपाड्याचा एक गडी मागे येऊन उभा राहिला. त्याने वाचले.

"ते म्हनले नाय? मंग आजोबा, तो शब्द आला कुठून?"

मी वळलो. हाताची धूळ धोतराला पुसली आणि दोन्ही तळवे वर केले.

"खबर ना," मी म्हणालो.

गडी हसला. माझ्या चेहऱ्यात त्याला काय दिसले, कोण जाणे. पण लोटलीकरांचा चेहरा हे म्हणताना तसा का उजळत असे, ते मला त्या जिन्याखाली कळले.